दहा पॉईंट आठ

म्हसवड, २६ फेब्रुवारी २०२४

संयु,

फाडायच्या आधी एवढं वाच. मग फाड, जाळ, चुलीत घाल, तुझी मर्जी. फोनवर तू माझा नंबर बंद करून टाकलायस. जावईबापूंना लावला तर ते हळदीच्या सौद्यात असतात, न्हाईतर म्हणतात, "आण्णा, संयोगिता झोपलीय." दोन महिनं झालं, तू झोपलेलीच हायस. म्हणून पोस्टात आलो. तिथली पोरगी म्हणाली, आण्णा, आता पत्र कोण लिहितंय? म्हटलं, बापलोक लिहित्यात, तू पाकीट दे.

तब्येत विचारत न्हाई. विचारायला तोंड न्हाई ते मला कळतंय. कामाचं लिहितो.

मागच्या आठवड्यात मिलिटरी कँटीनचं सामान आणायला साताऱ्याला गेलो व्हतो. शंभूराज तुला आठवत असंल, माझ्याबरोबर मिलिटरी हॉस्पिटलच्या लॅबात व्हता तो. आता त्याची स्वतःची लॅब हाय, एसी, काचेची दारं, सगळा थाट. त्याची जिरवावी म्हणून माझा रक्त तपासायचा सेट पिशवीत घालून नेला आणि पैज लावली. रक्त माझंच. त्याच्या मशीननं हिमोग्लोबिन दिलं नऊ पॉईंट आठ. माझ्या नळीत आलं सोळा.

मी त्याला लय बोललो. त्याच्या मशीनला, त्याच्या एसीला. गड्यानं कपाटातनं आपला जुना सेट काढला आणि माझ्या सेटाच्या शेजारी खिडकीत ठेवला.

तू लहानपणी स्टुलावर बसून बघायचीस, तरी परत सांगतो, म्हणजे चूक कुठं झाली ते कळंल. नळीत आम्ल घ्यायचं, त्यात बोटातलं रक्त सोडायचं, ते तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत जायचं, बाजूच्या तपकिरी काचेशी रंग जुळंपर्यंत. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. जेवढं पाणी जास्त लागलं, तेवढं रक्त चांगलं. आता ती बाजूची काचच उन्हानं फिकी झाली असंल, तर जुळवायला पाणी जास्त लागणार आणि आकडा फुगणार. माझा सेट अठरा वर्षं पश्चिमेच्या खिडकीत व्हता. शंभूराजच्या काचेपुढं माझी काच पातळ चहावानी दिसत व्हती.

म्हणजे डोळा बरोबर व्हता, संयु. काच खोटी निघाली. एवढंच तुला कळावं म्हणून लिहिलं. तुझं अकरा पॉईंट दोन म्हणजे खरं किती, तो हिशेब तू करू नकोस. मी केलाय.

तू सांगलीला गेलीस त्या दिवसापासनं आपल्या लॅबला कुलूप हाय.

आणखी एक काम राहिलंय. मागच्या आळीतल्या तानाजीची बायको राणी, तिचा आठवा सरत आलाय. तिच्याकडं माझी दहा पॉईंट आठची स्लिप हाय. परवा जाऊन सांगून येतो, साताऱ्याला जाऊन परत तपासा म्हणून. तेवढं झालं की सुटलो.

आण्णा


म्हसवड, २ मार्च

संयु,

गेलो व्हतो. सुटलो न्हाई.

तानाजी सीमेवर. घरात त्याची आई मनुबाई आणि ही पोरगी, दोघीच. मनुबाईनं अंगणात खाट टाकली, चहा ठेवला. राणी उंबऱ्यावर बसलेली. तोंडावर सूज, ओठ पांढरेफटक, चार पावलं चालली तर धाप. हातात भाजलेल्या मातीचा खडा, तो कुरतडत व्हती. मनुबाई कौतुकानं सांगती, "डोहाळं हायती आण्णा. माझा भाऊ मुद्दाम मेढ्याकडनं लाल माती घिऊन आला. रोज तव्यावर भाजून देते."

मला तू दिसलीस. तू बर्फ खायचीस. फ्रीजचा खण रिकामा करायचीस आणि मी म्हणायचो, नातू न्हवं, बर्फाची लादी जन्माला येणार. रक्त कमी झालं की बाईला माती, बर्फ, कच्चे तांदूळ खावंसं वाटतं, हे नव्या रंगरुटाला पण शिकवत्यात. मी सारा जन्म लॅबात काढला आणि तुझी चेष्टा करत बसलो.

मी म्हटलं, "मनुबाई, माझी स्लिप खोटी हाय. पोरीला आजच्या आज साताऱ्याला न्या. रक्त चढवावं लागंल."

ती आत गेली. देव्हाऱ्यात सिद्धनाथाच्या फोटोमागं प्लास्टिकच्या पिशवीत स्लिप ठेवलेली, ती घेऊन आली. "ही न्हवं? सही तुमचीच हाय का न्हाई? नर्सबाईनं बी ह्यावरनंच कार्डावर आकडा उतरवून घेतला."

"सही माझीच. पर काच उडालीय, रंग उडालाय काचेचा."

"आवं, काच कुणी बघितलीया? आमी तुमाला बघितलंय. माझ्या जावेच्या दोन्ही बाळंतपणाला तुमचाच आकडा. कधी केसाएवढा फरक पडला का?"

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना हाताला धरून नेलं. त्यांनी बोटाला टोचलं, छोट्या मशीनला पट्टी लावली. सहा पॉईंट एक. बाई घाबरल्या, म्हणाल्या, आत्ता गाडी बोलावते. मनुबाई हसली, संयु. मला म्हणाली, "आण्णा, तुमीच सांगितलंया न्हवं, बॅटरी उतरली की मशीन भलतंच बोलतंय?"

सांगितलं व्हतं. हजार जणांना सांगितलं व्हतं. लॅबच्या दारावरची पाटी मीच रंगवलेली, 'येथे डोळ्याने तपासणी होते. मशीन नाही.' गावातल्या डॉक्टरीणबाईंचं नवं मशीन आलं तवा माझं गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून पारावर बसून मशीनची टवाळी कोण करायचं? मीच. लोकांनी ती मनावर घेतली. आता त्यांच्या मनातनं कशी काढू?

मनुबाईनं 'नेणार न्हाई' म्हणून नर्सबाईंच्या कागदावर अंगठा दिला. साताऱ्याला नेलं की पोट फाडत्यात आणि परक्याचं रगात घालत्यात, हे तिचं ठाम मत. तानाजीला फोन लावला. तो म्हणाला, "आण्णा, तुमचा शब्द मी कधी मोडला न्हाई, पर आई म्हणती तुमचं मन ठिकाणावर न्हाई सध्या." मग माझा तोल गेला. मी ओरडलो, शिव्या दिल्या, स्लिप फाडायला हिसका मारला. मनुबाईनं माझं मनगट धरलं आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "लेकीच्या बाळाला नाळंचा वेढा बसला. देवानं नेलं. त्यात तुमचा काय दोष? कशाला असं येड्यावानी करून घेताय?"

नाळेचा वेढा. ते गावाला कुणी सांगितलं ते तुला म्हाईत हाय.

आण्णा


म्हसवड, ५ मार्च

संयु,

पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. ते आज मागं घेतो, कारण आज तुझ्याकडं काहीतरी मागायचंय, आणि खोटं बोलून मागितलं तर तू देणार न्हाईस.

लॅबला कुलूप लावलं न्हवतं. बाळ गेलं बारा डिसेंबरला. तू सांगलीला गेलीस वीस तारखेला. एकवीसला सकाळी नऊला मी शटर वर केलं. राणीची स्लिप तीन फेब्रुवारीची हाय. तुझं झाल्यावर पावणेदोन महिन्यांनी मी तिला दहा पॉईंट आठ लिहून दिलं.

काच खराब हाय हे मला म्हाईत न्हवतं, हे खरं. पण साताऱ्याला तुला स्ट्रेचरवरनं आत नेलं तवा तिथल्या डॉक्टरनी मला विचारलं व्हतं, "पाच हिमोग्लोबिन असताना घरी कशी ठेवली?" पाच. मी त्यांना म्हटलं, रस्त्यात रक्त लय गेलं म्हणून कमी दिसतंय. घरी आल्यावर मी ती काच फडक्यानं पुसली आणि परत जागेवर ठेवली. तपासली न्हाई. शंभूराजकडं मी पैज लावायला गेलो न्हवतो. मनातलं खोटं ठरावं म्हणून गेलो व्हतो.

लॅब बंद केली असती तर लोकांनी विचारलं असतं, का बंद केली? त्याचं उत्तर माझ्याकडं एकच व्हतं. म्हणून चालू ठेवली.

आता त्या दिवसाचं. तू मला कधी उलट विचारलं न्हाईस, म्हणून मीच लिहितो. डॉक्टरीणबाईंनी मशीनवर तुझं सहा पॉईंट आठ काढलं आणि चिठ्ठी दिली, साताऱ्याला ॲडमिट करा, दोन बाटल्या रक्त लागंल. तू चिठ्ठी माझ्या हातात दिलीस. मी तुला लॅबात बसवलं, बोट टोचलं, नळी उजेडाला धरली आणि म्हटलं, "अकरा पॉईंट दोन. घोड्यावानी हायस. तिला म्हणावं, मशीन भंगारात दे." तू म्हणालीस, "आण्णा, मला धाप लागतीय." मी म्हटलं, "तुझ्या आईला पण लागायची. बाईच्या जातीला लागतीच." तुझी आई असती तर तिनं माझं ऐकलं नसतं. तू ऐकलंस, कारण तू माझी लेक. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी माझ्या पाकिटात हाय. फाडली न्हाई, का ते मला पण सांगता येत न्हाई.

एस.टी.च्या पायरीवर तू एकच मागितलंस. "आण्णा, एकदा तोंडानं म्हणा, चुकलो." मी तुझी पिशवी वर ठेवली आणि म्हटलं, खिडकी लाव, वारं लागंल. बापानं लेकीला एवढं पण देऊ नये, असला बाप.

आता ऐक. राणीला आजचे दिवस धरून तीन-चार आठवडे हायती. कळा सुरू झाल्या आणि ती तुझ्यासारखी वाहायला लागली, तर साताऱ्याच्या वाटेवरची दहिवडी ओलांडायच्या आत ती पोरगी संपंल. तुला चार बाटल्या मिळाल्या म्हणून तू हायस. तिच्या अंगात तेवढा पण दम न्हाई.

माझं कुणी ऐकत न्हाई. नर्सबाईंचं ऐकत न्हाईत. डॉक्टरीणबाई स्वतः जाऊन आल्या, त्यांना मनुबाईनं दारातनंच वाटेला लावलं. तुझं ऐकतील. तुझा साताऱ्याचा डिस्चार्जचा कागद घेऊन ये. त्यावर सगळं लिहिलंय, पाच आणि चार बाटल्या आणि बाळाचं. तो मनुबाईपुढं ठेव. गावापुढं ठेव. माझ्या अब्रूचं काय होईल ते मी मोजून बसलोय, ते तू मनात आणू नकोस.

माझ्या घरी येऊ नकोस. माझं तोंड बघू नकोस. माझ्यासाठी न्हाईच बोलवत मी. तिच्यासाठी ये.

नाथाजी


म्हसवड, २१ मार्च

संयु,

तू अंगणात व्हतीस, मी बाहेर लिंबाखाली. तुला जे म्हाईत हाय तेच परत लिहीत न्हाई. मला लांबनं काय दिसलं आणि तू गेल्यावर काय झालं, तेवढं लिहितो.

जावईबापूंची गाडी आली तवा मला वाटलं, तू उतरणार न्हाईस. उतरलीस. किती वाळलीस गं. आळीतल्या बायका गोळा झाल्या. मनुबाईनं तुला जवळ घेतलं, नाळेचं काढून रडायला लागली. तू तिचे हात बाजूला केलेस आणि मोठ्यानं म्हणालीस, "माझं बाळ नाळेनं न्हाई गेलं. माझ्या बापाच्या आकड्यानं गेलं." मला लिंबापर्यंत स्पष्ट ऐकू आलं. तिथनं पळून जावंसं वाटलं, खरं सांगतो. आणि त्याच वेळी छातीवरचं जातं कुणीतरी उचलल्यावानी पण वाटलं. दोन्ही एकदम वाटलं.

मग तू कागद वाचून दाखवलास. आणि राणीपुढं खाली बसलीस, तिच्या हातातला मातीचा खडा घेतलास आणि म्हणालीस, "मी बर्फ खायची." ती पोरगी तुझ्याकडं बघतच राहिली. आतापर्यंत तिला कुणी काही विचारलंच न्हवतं. सासू बोलली, नवरा बोलला, मी बोललो. ती पहिल्यांदा बोलली, "ताई, मला रात्रंदिवस जीव घाबरा व्हतोय. मला न्या."

मनुबाई माझ्याकडं आली. सगळी आळी मागं. "आण्णा, ही म्हनती ते खरं हाय का?"

म्हटलं, "खरं हाय. मी चुकलो." चारचौघांत म्हटलं, नीट ऐकू जाईल असं म्हटलं. तू तवर राणीला गाडीत बसवत व्हतीस, वळून बघितलं न्हाईस. बरोबर हाय. ज्या दिवशी म्हणायला पायजे व्हतं त्या दिवशी मी खिडकी लाव म्हटलं व्हतं.

साताऱ्यात तिचं पाच पॉईंट नऊ निघालं. तीन बाटल्या दिल्या. तू सांगलीला गेल्यावर सोळा तारखेला बाळंत झाली. मुलगी झाली, वजनाला कमी हाय, पण रडती. रक्त राणीला पण गेलं, तुझ्याएवढं न्हाई, आणि तिथं बाटल्या तयार व्हत्या. दोघी जित्या हायत. हे तुला कळवायचं व्हतं. हे कळवताना मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाज पण वाटली.

आता दुसरं. ते पण तुझ्यापासनं लपवत न्हाई.

तू बोललीस ती गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. तिसऱ्या दिवसापासनं बायका यायला लागल्या. हातात माझ्या स्लिपा. कुणी दोन वर्षांची, कुणी सहा वर्षांची. कुणी शिव्या दिल्या, कुणी अंगणात नुसती थुंकून गेली. ज्या आता पोटुशी हायत त्यांना मी नर्सबाईंकडं पाठवतोय, अकरा जणी झाल्या. पाटी काढली. रजिस्टरं नर्सबाईंच्या ताब्यात दिली. एवढं जमलं.

आज सकाळी आकाराम आला. वरकुट्याच्या रस्त्याला त्याची वस्ती हाय, तू बघितलं असशील, मेंढरं असतात त्याची. चार वर्षांमागं त्याची बायको बाळंतपणात गेली. त्यानं टोपीच्या घडीतनं स्लिप काढली. अकरा पॉईंट सहा. अक्षर माझं.

म्हणाला, "आण्णा, ही बरोबर व्हती का?"

मी म्हटलं, "मला म्हाईत न्हाई, आकाराम." काच एका दिवसात फिकी होत न्हाई. अठरा वर्षांत कुठल्या साली ती खोटं बोलायला लागली, हे मला शंभूराज पण सांगू शकत न्हाई. चार वर्षांमागं ती चांगली असंल, निम्मी गेलेली असंल. मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याला वाटलं मी टाळतोय.

तो म्हणाला, "ती मला म्हनत व्हती, साताऱ्याला न्या. आदल्या दिवशी म्हनली. मी तिला ही स्लिप दावली. म्हटलं, नाथाजीनं अकरा पॉईंट सहा काढलंय, उगा नाटकं करू नगंस." स्लिप मांडीवर पसरली. मग म्हणाला, "बरोबर व्हती एवढं म्हना, आण्णा. खोटं असलं तरी चालतंय. एकदा म्हना, मी उठून जातो."

अठरा वर्षं मी दारात आलेल्या प्रत्येकाला आकडा दिला. कुणाला रिकाम्या हातानं पाठवलं न्हाई. ह्याला पाठवायला दोन शब्द लागत व्हते आणि ते माझ्या तोंडात आले पण व्हते.

म्हटले न्हाईत.

सकाळचा आलाय. आता दुपार टळली. पाणी दिलं तर घेतलं न्हाई, भाकरी दिली तर कुत्र्याला घातली. ओट्यावर बसलाय, स्लिप मांडीवर, मेंढरं रस्त्यावर मोकळी. मी आत बसून तुला लिहीत व्हतो. पत्र इथंच थांबवतो, बाहेर त्याच्याजवळ जाऊन बसतो.

नाथाजी